रस्त्यावरचीं लेकरें व त्यांच्या माउल्या : मुंबईंतील सेवाकार्याचा अल्प इतिहास

वाचकहो, आपल्या देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा केव्हां बसविली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें कळपाची राखण केली, हा सारा वृत्तान्त आपणांस ह्या महोत्सवी स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचावयास मिळेलच. संपादक मंडळानें आम्हांकडे सोंपविलेलें काम ह्याहून थोडें निराळें आहे. धर्मग्रामांतील आम्ही कांहीं जण गेलीं कित्येक वर्षें दर शनिवारीं आगगाडीनें मुंबईस जातों, व रस्त्यावरील मुलांच्या आणि त्यांच्या मातांच्या सहवासांत दोन-तीन तास घालवितों. त्या कामाची हकीकत लिहावी, अशी सूचना आली. लेखणी हातीं घेतली तेव्हां ध्यानांत आलें कीं, नुसत्या आमच्या हकीकतीस फारसा अर्थ नाहीं. ज्यांनीं हा मार्ग आमच्या पूर्वीं घालून दिला त्यांचा इतिहास आधीं सांगितला, तरच आमच्या चुकाही वाचकांस उमगतील. म्हणून हा प्रपंच.

इ. स. १५४२ च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत लहानशी घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, व तिच्या नादानें जमलेल्या मुलांस व गुलामांस धर्मशिक्षणासाठीं बरोबर नेत, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. देवळाची मोठी घंटा ज्याला ऐकूं येते तो देवळांत येतो. परंतु ज्याला ती ऐकूं येत नाहीं, किंवा ऐकूनही आंत पाऊल टाकण्याची ज्याला भीति वाटते, त्याच्याकडे आपणच चालत जावें लागतें. ही साधी गोष्ट पुढें मुंबई शहरास पुनः शिकावयास फार वर्षें लागलीं.

आधीं हीं मुलें कोण, हें नीट समजून घेतलें पाहिजे. ‘रस्त्यावरचीं मुलें’ हा शब्द आपण सरसकट वापरतों. परंतु त्यांत तीन निरनिराळे वर्ग आहेत. पहिला वर्ग आईबापांसह पदपथावर किंवा पुलाखालीं राहणाऱ्या मुलांचा. दुसरा, दिवसभर सिग्नलपाशीं गजरे विकून अथवा कचरा वेंचून रात्रीं झोपडींत आईकडे परतणाऱ्यांचा. तिसरा, घरांतून पळून किंवा चुकामूक होऊन स्थानकांवर एकट्यानेंच दिवस काढणाऱ्यांचा. लोकांच्या डोळ्यांपुढें नेहमीं हा तिसराच वर्ग उभा राहतो, कारण कथांत व चित्रपटांत तोच दिसतो. वस्तुतः पहिल्या दोहोंतलीं मुलें अधिक आहेत. २०१३ सालीं टाटा समाजविज्ञान संस्था व अ‍ॅक्शनएड ह्यांनीं मुंबईंत केलेल्या गणनेंत अशीं ३७,०५९ मुलें आढळलीं. त्यांतील बहुसंख्य मुलें आपल्या कुटुंबासहच राहत होतीं. म्हणजे ज्या मुलास आपण अनाथ समजून खाऊ देतों, त्याची आई बहुधा चार पावलांवर बसून आपणांकडे पाहत असते. तिच्या हातास काम असेल तर मूल शाळेंत जाईल, नसेल तर तें सिग्नलपाशीं जाईल. लेंकराचा प्रश्न व आईच्या रोजगाराचा प्रश्न हे दोन नाहींत, एकच आहे, हें ह्या सबंध इतिहासाचें तात्पर्य होय.

सरकारचें लक्ष ह्या मुलांकडे प्रथम गेलें तें शिस्तीच्या विचारानें. १८५० सालच्या कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, दरिद्री, तसेंच लहानसहान गुन्हा केलेल्या मुलांस एखाद्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. पुढें १८५७ सालीं डेव्हिड ससून ह्यांच्या औदार्यानें मुंबईंत अशा मुलांसाठीं सुधारगृह निघालें, व तेथें त्यांस हस्तोद्योग शिकविले जाऊं लागले. हेतु चांगला होता. परंतु मुलाला तेथें नेणारा हात बहुधा पोलिसाचा असे. ज्यानें चोरी केली तो व ज्याला कोणी नाहीं तो, ह्यांतला भेद पुष्कळ वर्षें पुसटच राहिला. १९२४ सालीं मुंबईचा बालकांविषयींचा कायदा झाला, १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि उमरखाडी-डोंगरी येथें मुलांचें निरीक्षणगृह चालूं लागलें. ज्या डोंगरीच्या तुरुंगांत १८८२ सालीं टिळक व आगरकर ह्यांनीं १०१ दिवस काढले, त्याच जागीं पुढें हीं निराधार मुलें येऊन राहूं लागलीं. कायद्याची दृष्टि बदलली तरी भिंती लगेच बदलत नाहींत, हें ह्या एका उदाहरणावरून दिसून येईल.

त्याच शतकांत दूर इटलींतील तुरीन शहरीं निराळाच प्रयोग चालला होता, आणि त्याचा मुंबईशीं पुढें निकट संबंध आला, म्हणून तो येथें सांगितला पाहिजे. १८४१ च्या डिसेंबरची ८ तारीख, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तरुण धर्मगुरु जॉन बॉस्को मिस्सेसाठीं वस्त्रें परिधान करीत असतां देवळाच्या सेवकानें एका फाटक्या मुलास मिस्सेंत सेवा करावयास सांगितलें. त्याला तें येत नव्हतें, म्हणून सेवकानें त्यास मारून हांकललें. डॉन बॉस्कोंनीं त्यास परत बोलाविलें, आपला मित्र म्हटलें, व मिस्सेनंतर त्याची विचारपूस केली. तो गवंडीकामावर जाणारा पोरका मुलगा होता. ह्या एका मुलापासून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. गिरण्या व बांधकामें ह्यांमुळें खेड्यांतून शहरांत लोटलेलीं अशीं शेंकडों मुलें तेव्हां तुरीनमध्यें होतीं. डॉन बॉस्कोंनीं त्यांस केवळ भाकरी व प्रार्थना दिली नाहीं, तर त्यांच्या वतीनें मालकांशीं लेखी करार केले. १८५२ सालच्या एका करारांत मालकानें उमेदवार मुलास मारूं नये, शब्दांनींच सुधारावें, व सणावारीं सुटी द्यावी, अशा अटी आहेत. १८५३ पासून त्यांनीं चांभारकामाचे व शिवणकामाचे स्वतःचे वर्ग काढले.

परंतु ह्या कथेंतील ज्या व्यक्तीकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, ती डॉन बॉस्कोंची आई मार्गारेट होय. तरुणपणींच विधवा झालेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरी स्त्री १८४६ च्या नोव्हेंबरांत आपलें गांवचें घर सोडून मुलाबरोबर वाल्दोक्को येथें राहावयास आली, व दहा वर्षें, १८५६ सालीं मरण येईपर्यंत, त्या परक्या मुलांसाठीं स्वयंपाक करीत व त्यांचे फाटके कपडे शिवीत राहिली. आपल्या लग्नांतील वस्त्रेंही तिनें त्याच कामीं लाविलीं. एकदां मुलांनीं तिची भाजीची बाग तुडविली तेव्हां ती कंटाळून गांवीं परत निघाली होती. मुलानें भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविलें, आणि ती राहिली, असें परंपरा सांगते. सेवा करणाऱ्यास कंटाळा येतो, ह्यांत पाप नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुनः चूल पेटविणें हीच सेवा होय.

स्वतंत्र भारतांत मुंबईची वाढ झाली तसा स्थानकांवरील मुलांचा लोंढाही वाढला. १९६२ सालीं येशूसंघीयांनीं मुंबईंत स्नेहसदन सुरू केलें. मोठ्या कोंडवाड्याऐवजीं लहान लहान घरें, प्रत्येक घरांत आईबापांच्या जागीं एक जोडपें, व मुलांनीं भावंडांसारखें राहावयाचें, ही त्यांची रीत. १९८७ सालीं सलेशियनांनीं वडाळा येथें रस्त्यावरील मुलांसाठीं शेल्टर उघडलें. १९८८ सालीं ‘सलाम बॉम्बे’ हा मीरा नायर ह्यांचा चित्रपट निघाला, व त्याच्या उत्पन्नांतून मुंबई व दिल्ली येथें सलाम बालक न्यासाचें कार्य उभें राहिलें. ह्या काळांत एक मोठा पालट झाला. कार्यकर्ता कचेरींत बसून मुलाची वाट पाहीना. तो फलाटावर जाऊन बसूं लागला. पहिले कित्येक दिवस कांहीं न विचारतां, कांहीं न देतां, नुसतें त्याच ठिकाणीं त्याच वेळीं येऊन बसणें, हेंच त्याचें काम. मूल ओळखूं लागलें, मग तें आपण होऊन बोलूं लागे.

१९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेंतील जेरू बिलिमोरिया ह्यांच्या पुढाकारानें संकटांतील मुलांसाठीं चाईल्डलाईन ही दूरध्वनि-सेवा मुंबईंत निघाली. तिचा क्रमांक १०९८. ‘दस नौ आठ’ असा उलट मोजणीचा, म्हणजे न शिकलेल्या मुलाच्याही तोंडीं सहज बसणारा. रात्रीं दोन वाजतां आजारी मित्रासाठीं कोणाला हांक मारावी, हें ज्या मुलांस ठाऊक नव्हतें, त्यांना ही हांक मारण्याची जागा मिळाली. २०२३ सालीं ही सेवा शासनानें आपल्या हातीं घेऊन ११२ ह्या आपत्कालीन सेवेशीं जोडली. क्रमांक मात्र तोच राहिला. दरम्यान भारतानें १९९२ सालीं बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली, व २०१५ सालच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, काळजी व संरक्षण ह्यांची गरज असलेलें मूल सांपडल्यास त्यास चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे. कोणीही सहृदय मनुष्यानें वाटेल त्या मुलास परस्पर आपल्या घरीं नेऊं नये, हें ह्यावरून आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मातांकडे वळूं. महाराष्ट्रांत निराधार स्त्रीच्या हातास काम देण्याचा विचार जुना आहे. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें; पुढें दुष्काळांत वाचविलेल्या मुलींस व विधवांस केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं विणकाम, गोपालन, छापखान्याचें काम असे नाना उद्योग शिकविले. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्यांनीं मुंबईंत सेवासदन स्थापिलें, व दुसऱ्या वर्षीं पुण्यास रमाबाई रानडे ह्यांच्या हातून सेवासदनाचें कार्य सुरू झालें. ह्या थोर संस्थांत स्त्री आश्रयास येई, शिके व मग आपल्या पायांवर उभी राही. परंतु जिला घरदार, पति व चार मुलें सोडून आश्रमांत जातां येत नाहीं, तिचें काय, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचें उत्तर पुढें स्त्रियांनींच काढलें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढें लिज्जत पापडाची संस्था झाली. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाहीं, व काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालक, हे त्यांचे नियम. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं गिरणगांवांत अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. गोमंतकांत जन्मलेल्या व तेथील स्वातंत्र्यलढ्यांत भाग घेतलेल्या ह्या बाईंनीं गिरणी-कामगारांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांचें दुःख जवळून पाहिलें होतें. कामगार महिन्याच्या शेवटीं पैसे देणार. तोंवर वाण्याचें उधार व सावकाराचें व्याज ह्यांत ती बाई पिचून जाई. तिला दान नको होतें, थोडें भांडवल रास्त व्याजानें हवें होतें. तें पुरव बाईंनीं राष्ट्रीयीकृत बँकेकडून मिळवून दिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार घरीं बसले, व ज्या चुली त्यांच्या जेवणावर चालत त्याही मंदावल्या. एका घरची मजुरी थांबली कीं शेजारच्या घरची भाकरी थांबते, हा धडा गिरणगांवानें तेव्हां घेतला.

इतका इतिहास ठाऊक असतां आम्ही चुकलों नसतों. पण आरंभीं आम्हांस तो ठाऊक नव्हता. पहिल्या वर्षीं आम्ही चौदा जण नाताळाच्या आठवड्यांत केक, बिस्किटें व ऊबदार कपडे घेऊन एका स्थानकाच्या पुलाखालीं गेलों. गाणीं म्हटलीं, छायाचित्रें काढलीं, व मोठ्या समाधानानें परतण्यास निघालों. तोंच दहा-एक वर्षांचा एक मुलगा आमच्यापैकीं एकाचा सदरा धरून म्हणाला, “काका, आतां पुढच्या नाताळालाच ना?” त्याच्या बोलण्यांत रुसवा नव्हता. तो केवळ तारीख नक्की करून घेत होता. परतीच्या गाडींत आम्हीं एकमेकांशीं फारसें बोललों नाहीं. पुढल्या नाताळांत आम्ही गेलों तेव्हां तो तेथें नव्हता, व तो कोठें गेला हें कोणासही सांगतां आलें नाहीं. तेव्हांपासून आम्हीं छायाचित्रें काढणें सोडलें, आणि शनिवार धरला.

दुसरी चूक त्याहून महाग पडली. तेथील स्त्रिया लसूण सोलून, लिंबू-मिरच्या ओवून, केसांच्या पिना कागदावर लावून दिवसाकाठीं थोडेंबहुत मिळवीत. त्यांची उन्नति व्हावी म्हणून आम्हीं वर्गणी जमवून चार शिवणयंत्रें नेऊन दिलीं. तीन महिन्यांनीं पाहिलें तों तीं प्लास्टिकखालीं गंजत पडलीं होतीं. आम्हांस राग आला. तेव्हां त्यांतील एक वडीलधारी मावशी शांतपणें म्हणाली, “यंत्र दिलंत हो, पण कापड कोण देणार? शिवलेलं कोण घेणार? आणि मी यंत्रावर बसले तर हिचं पोर कोण धरणार?” तीन वाक्यांत तिनें आमचें अज्ञान आमच्या पदरांत टाकलें. आम्हीं यंत्र देण्यापूर्वीं तिला एक शब्दही विचारला नव्हता.

मग आम्हीं तिच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें एकामागून एक शोधलीं. शनिवारचे दोन तास मुलांचा वर्ग आमच्याकडे, म्हणजे त्या वेळांत आयांचे हात मोकळे. जवळच कुलूप लागणारी एक खोली भाड्यानें घेतली. कापड ठोक बाजारांतून एकदम आणण्याचें काम आमच्यांतील एका निवृत्त बंधूनें पत्करलें. सर्वांत कठीण होतें तें गिऱ्हाईक. तें शेवटीं आपल्या धर्मग्रामानेंच दिलें. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांच्या कापडी पिशव्या, वेदीवरील साधीं आच्छादनें, सणाच्या दिवशींचा अल्पोपाहार, ह्यांची मागणी आपण त्यांच्याकडे नोंदवितों, व ठरलेला दर चुकता करितों. दर त्या बायांनींच ठरविला, आणि आम्ही घासाघीस करीत नाहीं. हिशेबाची वही त्यांच्याच एका मुलीच्या हातीं आहे. ती आतां नववींत आहे, व आमची बेरीज चुकली कीं ती लाल शाईनें खूण करिते. महोत्सवाच्या दिवशीं आपण जो अल्पोपाहार घ्याल तो ह्याच स्त्रियांच्या हातचा असेल. तो दान म्हणून घेऊं नये. चांगला लागला तर तसें सांगावें, व खारट झाला तर तेंही सांगावें. गिऱ्हाइकाचा मान असाच असतो.

ह्या कामास विद्वत्ता लागत नाहीं असें नाहीं. मुंबईंत १९३६ सालींच सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवें समाजकार्याचें पदवी-विद्यालय निघालें, तेंच १९४४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्था झालें. सेवेसही शिक्षण हवें, हें तेव्हांच ओळखलें गेलें. मूल मार खाऊन आलें, आजारी पडलें, हरवलें, तर तें काम शिकलेल्यांचें आहे. तेथें आम्ही मध्यें पडत नाहीं, त्यांस कळवितों. परंतु अक्षरें गिरवून घेणें, गोष्ट सांगणें, नखें कापणें, आईला शाळेच्या दाखल्याचा अर्ज लिहून देणें, ह्यासाठीं शनिवारीं ठरल्या वेळीं येणारें मनुष्य तेवढें लागतें.

आणि तेंच आतां कमी पडत आहे. चौदांचे आम्ही पांच उरलों आहों. कांहीं परगांवीं गेले, दोघे प्रभुघरीं गेले, उरलेल्यांचे गुडघे पुलाचा जिना चढतां कुरकुरतात. मुलांचा वर्ग बंद पडला तर आयांचे दोन तास जातील, ते गेले कीं शिवण थांबेल, आणि शिवण थांबली कीं पुनः सिग्नल. ही सांखळी किती बारीक आहे, हें वरील इतिहास वाचणाऱ्यास निराळें सांगावयास नको.

महोत्सवानिमित्त आपण उदारपणें वर्गणी दिली आहे. त्याबद्दल आम्ही आभारी आहों. आज आमचें मागणें पैशाचें नाहीं. ज्यांस महिन्यांतून एक शनिवार देतां येईल, अशा दहा तरुण-तरुणींचीं नांवें आम्हांस हवीं आहेत. यावयाचें तर ठरलेल्या शनिवारीं यावें; येणें होणार नसेल तर आदल्या दिवशीं कळवावें, कारण तिकडे वाट पाहिली जाते. सकाळीं सातच्या गाडीस आम्ही फलाटावर असतों, पुढील डब्यापाशीं. ह्या महोत्सवाच्या पुढल्या शनिवारींही असूं.